फाटकातनं खुर्ची जात नाही, आणि इतर पत्रं

गेल्या अंकात मी आपल्या कोल्हापूर शहरातल्या बागा आणि पदपथांबद्दल लिहिलं होतं आणि वाचकांना विचारलं होतं, ‘तुमच्या रोजच्या वाटेवर तुम्ही कुठं अडता?’ त्यावर आलेल्या पत्रांतली सात इथं घेतली आहेत. नावं छापू नका असं बहुतेकांनी कळवलं आहे, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

ताई, नमस्कार. माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू अजून साथ देत नाही. डॉक्टर म्हणतात, रोज थोडा वेळ मोकळ्या हवेत न्या. घराजवळच बाग आहे, पण दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून दारात लोखंडी खांब रोवलेत. त्यांच्यामधनं व्हीलचेअर जात नाही. दुसऱ्या दाराला कायम कुलूप. रखवालदार म्हणतो, ‘खुर्ची बाहेर ठेवा, आजींना धरून आणा.’ धरून चालता आलं असतं तर खुर्ची कशाला आणली असती? आई आता म्हणते, ‘राहू दे गं, गॅलरीतच बसते.’ काय करावं?
— एक मुलगी, शिवाजी पेठ

तुमच्या आईंचं ‘राहू दे गं’ मला फार लागलं. अशी ‘राहू दे’ म्हणून घरात बसलेली माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत, आणि ती बाहेर दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच असं सगळे धरून चालतात.

आधी आईंना सांगा, अडचण त्यांच्या पायात नाही, त्या फाटकात आहे. हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगत नाही, ते टेप लावून दाखवता येतं. बाजारात मिळणारी साधी व्हीलचेअर 65 ते 70 सेंटिमीटर रुंद असते. चाकं स्वतःच्या हातानं फिरवायची तर बाजूनं कोपरांना जागा लागते. म्हणून दोन खांबांमध्ये निदान 90 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. स्कूटरचं हँडलही साधारण खुर्चीएवढंच रुंद असतं. म्हणजे जी फट स्कूटरला अडवते ती खुर्चीलाही अडवणारच. लोखंडाला दोघांतला फरक कळत नाही, तो रखवालदाराला कळतो. दुचाकी अडवायची तर दाराबाहेर गाड्या लावायला जागा द्यावी लागते, माणूस उभा करावा लागतो, दंड करावा लागतो. ते कष्ट टाळायला खांब रोवले जातात आणि त्याची किंमत तुमच्या आई मोजतात.

आता अर्जाचं. महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमची बाग ज्याच्या हद्दीत येते तिथल्या उपशहर अभियंत्यांच्या नावे अर्ज द्या. एक प्रत उद्यान विभागाला द्या. दोन्हीकडं पोच घ्या, आवक क्रमांकाशिवाय तिथून हलू नका. अर्जात ‘गैरसोय होते’ एवढंच लिहू नका. ‘दोन खांबांतलं अंतर अमुक सेंटिमीटर, दाराच्या उंबऱ्याची उंची अमुक’ असं लिहा आणि टेप धरलेला फोटो जोडा. मी पॉलिटेक्निकमध्ये मुलांना सर्वेक्षण शिकवत होते तेव्हापासून माझ्या पर्समध्ये टेप असते. आकडा लिहिलेल्या अर्जावर ‘पाहणी करून कळवू’ असा मोघम शेरा मारणं अवघड जातं, हे मी बघत आले आहे.

उंबऱ्याचाही हिशेब सांगते, कारण रॅम्प मागितला की बरेचदा सिमेंटची घसरगुंडी करून देतात. चढ एकास बारा असावा. पायरी 15 सेंटिमीटर असेल तर रॅम्प 180 सेंटिमीटर लांब. त्याहून तोकडा केला तर ढकलणाऱ्याच्या हातातनं खुर्ची मागं येते. वर पोचल्यावर खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची सपाट जागा हवी. दोन्ही बाजूंना कठडे हवेत.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा, लागू झाला एप्रिल 2017 मध्ये. त्याच्या कलम 44 प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही जागा वापरता यावी यासाठीचे, निकष न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देता येत नाही. कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ती मुदत 2022 मध्येच संपली. दृष्टिबाधित असलेले राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 8 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट सांगितलं की हे निकष म्हणजे ‘जमलं तर करा’ अशा सूचना असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत. अर्जात ही कलमं लिहा. दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथं तक्रार करता येते. आणि पैसे नाहीत असं उत्तर आलं, तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. ते यंदा कशावर खर्च झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

एक गोष्ट नक्की होईल, तयार राहा. कुणीतरी म्हणेल, ‘पण या बागेत खुर्चीवरचं कुणी येतच नाही.’ ते खरंच आहे. येता येत नाही म्हणून येत नाहीत. तेव्हा अर्जावर एकट्याची सही नको. गल्लीत फिरा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, काठी धरणारे, दिव्यांग मूल असलेली घरं, अशा ज्यांनी बाग सोडली आहे त्यांच्या सह्या घ्या. कोल्हापुरात हे नव्यानं सुरू करावं लागत नाही. नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवर बसूनच 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था इथं उभी केली.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हा मैत्रिणींना संध्याकाळी रंकाळा तलावावर नुसतं बसायला आवडतं. काम काही नसतं. अंधार पडला की घरचे फोन सुरू. माझा भाऊ रात्री अकरापर्यंत चौकात असतो, त्याला कुणी विचारत नाही. शिवाय आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोरांचा कट्टा भरतो. ती काही बोलत नाहीत, पण मी आले की सगळी गप्प होऊन बघत राहतात. मी मागच्या बोळातनं वळसा घालून घरी जाते. आईला सांगितलं तर माझंच बाहेर जाणं बंद होईल. मी काय करू शकते?
— एक विद्यार्थिनी

‘नुसतं बसायला’ हे कारण पुरेसं आहे. तुझ्या भावाला चौकात उभं राहायला कारण लागत नाही, मग तुलाही लागू नये. क्लासहून येते, भाजी आणायला निघाले, देवळात गेले होते, असं काहीतरी हातात धरूनच बाईनं रस्त्यावर दिसायचं, ही सवय आपल्या आज्यांपासून चालत आलेली आहे. ती तुझ्या पिढीत मोडली तर मला फार आनंद होईल.

व्हिएन्ना शहरात 1990 च्या दशकात बागांची पाहणी झाली. लहानपणी मुलं-मुली सारखीच बागेत यायची, पण दहाच्या आसपास वय झालं की मुली दिसेनाशा व्हायच्या. मुलींना खेळायला आवडत नाही असं म्हणून ते लोक थांबले नाहीत. त्यांनी जागा तपासली. बागेत एकच मोठं मैदान, एकच दार, आणि मैदानाचा ताबा दांडग्या मुलांकडं. मग 1999 मध्ये दोन बागा बदलल्या. वाटा वाढवल्या, दारं वाढवली, मोठ्या मैदानाचे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या.

रंकाळ्याकडं या नजरेनं बघ. चौपाटीवर भेळेच्या गाड्या लागतात, पोरं-बाळं असतात, तिथं तुला भीती वाटत नाही. का? दिवा असतो आणि माणसं असतात. गाड्या संपल्या, झाडं दाट झाली, की वाट अंधारी होते. दिवे असतात, पण उंच खांबावर. उजेड पानांवर पडतो, वाटेवर सावली. माणसाच्या वाटेला माणसाच्या उंचीचे दिवे लागतात, तीन-चार मीटरवरचे, समोरून येणाऱ्याचा चेहरा लांबून ओळखू येईल असे. आणि जिथं फेरीवाले हटवून ‘सुशोभीकरण’ होतं तिथली बाईमाणसं कमी होतात, हेही बघून ठेव.

टोरंटोमध्ये 1989 साली बायकांनी एक पद्धत काढली, ती पुढं बऱ्याच देशांत गेली. चार-सहा जणींनी अंधार पडल्यावर एकत्र चालायचं आणि नोंद करायची: कुठला दिवा बंद, कुठं आडोसा, कुठून हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल, अडचण आली तर निघून जायला दुसरी वाट आहे का. तुम्ही मैत्रिणी हे करा. आयांना बरोबर घ्या. तुझ्या आईनं तो बोळ रात्री तुझ्याबरोबर पाहिला तर ती तुला कोंडण्यापेक्षा तिथं दिवा मागेल असं मला वाटतं. खांबांचे क्रमांक लिहून विद्युत विभागाकडं द्या.

आता कट्टा. पेठेतली तालीम ही कोल्हापूरची मोठी ताकद आहे. पुरात लोकांना बाहेर काढायला, रात्री-अपरात्री रक्त द्यायला तीच पोरं धावतात. म्हणूनच मी म्हणते, त्यांच्याशी बोलता येतं. तू एकटीनं नाही. गल्लीतल्या चार मोठ्या बायका आणि तालमीतले जाणते यांनी बसून सांगावं की आमच्या मुली या वाटेनं जायचं टाळतात. बऱ्याच पोरांना आपल्या बघण्यानं कुणी वळसा घालतं हे माहीतच नसतं. माहीत झाल्यावरही जो थांबत नाही त्याची गोष्ट वेगळी. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. 112 ला फोन कर, निर्भया पथकाला कळव. आणि तुझ्या भावाला हे पत्र वाचायला दे.

तुमचं सदर नेहमी वाचतो. पण एक विचारतो. शहरात खड्डे बुजवायला पैसे नाहीत आणि तुम्ही रॅम्प, कठडे, खास फरशा मागता. थोड्या लोकांसाठी एवढा खर्च परवडणार आहे का?
— निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी

तुम्ही हे सरळ विचारलंत याबद्दल आभार, कारण अनेकांच्या मनात हेच असतं.

‘थोडे’ किती? 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा कायद्यानं सात-आठच प्रकार धरले जायचे, 2016 च्या कायद्यानं ते 21 केले. त्यात म्हातारी माणसं मिळवा, गरोदर बायका मिळवा, पायाला प्लॅस्टर असलेला फुटबॉलपटू मिळवा, बाळगाडी ढकलणारी आई, स्टँडवरनं चाकांची बॅग ओढत अंबाबाईला निघालेले यात्रेकरू, सिलिंडर पोचवणारा माणूस. रॅम्पवरनं हे सगळे जातात. बांधतानाच रॅम्प केला तर खर्च इमारतीच्या मानानं अगदी थोडा येतो. बांधून झाल्यावर फोडून करायचा म्हटलं की पैसे लागतात. महाग पडतं ते विसरणं.

पण समजा थोडेच असते, तरी. हे शहर शाहू महाराजांचं आहे. 1919 मध्ये त्यांनी हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल घालून दिलं आणि स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घेतला. महाराज थांबले की बरोबरच्यांनाही थांबावं लागायचं. सार्वजनिक जागा सगळ्यांची होते ती अशी: कायदा लागतो, आणि मोठ्या माणसानं तिथं जाऊन बसावंही लागतं. त्या वेळीही ‘एवढ्यासाठी कशाला’ म्हणणारे असतीलच.

आणखी एक, हे मला फार जवळून टोचतं. 2019 चा आणि 2021 चा पूर आठवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढायला लागलं की सुतारवाडा, कुंभार गल्ली, दुधाळी इथल्या घरांना हलवायचं. हलवायचं कुठं? शाळेत, मंगल कार्यालयात. तिथं दारातच पाच-सहा पायऱ्या, शौचालय मागच्या अंगाला आणि तेही भारतीय बैठकीचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होडीतनं सुखरूप आणायचं आणि पायरीवर अडवायचं? ज्या ज्या शाळा पूरग्रस्तांसाठी ठरवून ठेवलेल्या आहेत, निदान तिथं तरी पावसाळ्याआधी रॅम्प आणि कमोड हवेत. तुम्ही बँकेत आयुष्य घालवलंत, हिशेब तुम्हाला येतो. तुमच्या भागातल्या अशा शाळांची यादी करून खर्चाचा अंदाज काढून द्याल का? मी बरोबर येते.

माझी आई करवीर तालुक्यातल्या आमच्या गावातनं पहाटे भाजी घेऊन मंडईबाहेर बसते. संध्याकाळी सातला परत. दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. जवळचं शौचालय पुरुषांचं उघडं असतं, बायकांच्या बाजूला बऱ्याचदा कुलूप. दोनदा लघवीचा त्रास होऊन सलाईन लावावं लागलं. त्यात आता अतिक्रमणची गाडी येईल म्हणून सारखी धास्ती. पाटी उचलून पळताना ती पडली पण. मी तिला घरी बस म्हणतो, ती ऐकत नाही.
— एक मुलगा

बाबा रे, तुझी आई ऐकत नाही ते बरोबर करते. तिनं घरी बसायचं नाही. आपण कुलूप काढायचं.

पाणी न पिण्याची ही सवय मंडईत बसणाऱ्या बायकांत इतकी मुरलेली आहे की त्या ते दुखणं म्हणून सांगतसुद्धा नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, उन्हाळ्यात चक्कर. डॉक्टर गोळ्या देतात, पण औषध त्या कुलपात आहे. मुंबईत 2011 मध्ये बायकांनी ‘राईट टू पी’ ही मोहीम काढली तेव्हा हाच प्रश्न होता: पुरुषांना मुतारी फुकट, बायकांना पैसे. आणि बायकांची बाजू बंद असण्याचं कारण बहुतेक ठिकाणी सारखंच सांगतात, ‘बायका येत नाहीत.’ वरच्या बागेचीच गोष्ट.

मागायचं ते नेमकं मागा. भाजीवाल्या पहाटे येतात, तर पहाटे पाचला उघडणारं शौचालय. आत पाणी, दिवा, आतनं लागणारी कडी, पिशवी अडकवायला खुंटी, पॅड टाकायला झाकणाचा डबा. दारात शक्यतो बाई. एक खोली तरी रुंद दाराची, कमोड आणि धरायला दांडी असलेली, कारण साठीच्या आजीला उकिडवं बसून उठता येत नाही. मूत्रविसर्जन फुकट.

आता गाडीचं. फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. शहर फेरीवाला समितीत निदान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. आईचं नाव सर्वेक्षणात आहे का ते आधी बघ. नसेल तर तिच्या शेजारणींना घेऊन अर्ज कर. समितीतल्या बाई सदस्य कोण हे विचारून त्यांनाच गाठ. शौचालयाचा विषय तिथं मांडता येतो.

फेरीवाल्यांनी पदपथ अडवले अशीही दोन पत्रं आली आहेत. त्यांना इथंच सांगते: एकदा उभं राहून मोजा, तुमची वाट पाट्यांनी जास्त अडते की लावलेल्या गाड्यांनी. भाजीवाली सरकून वाट देते. मोटरसायकल देत नाही. पदपथावर चालायला 1.8 मीटर मोकळं ठेवून उरलेल्यात पट्टे आखून विक्रेत्यांना बसवता येतं, हे काम अवघड नाही. ते आखायला वेळ दिला पाहिजे.

मी जन्मापासून अंध आहे. नोकरीसाठी रोज एकटा चालत जातो. आमच्या भागात नवीन पदपथावर पिवळ्या फरशा बसवल्या. आनंद झाला. पण त्या मला नेऊन सरळ विजेच्या खांबावर आदळवतात. हे कुणाला दाखवायचं?
— एक वाचक

सर, हे वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

ज्यांना या फरशा नुसत्या नक्षी वाटतात त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि 1967 मध्ये ओकायामात अंध मुलांच्या शाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे ‘सरळ चला’. गोल ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढं काहीतरी आहे’: रस्ता, पायरी, वळण. पायाला आणि काठीला ते कळतं. पिवळा रंग मंद दिसणाऱ्यांसाठी. दोन फरशांची अदलाबदल झाली तर थांबायच्या जागी माणूस चालत राहतो. ठेकेदाराच्या माणसाला हे कुणी सांगितलेलंच नसतं, तो रंग जुळवून फरशी बसवतो.

तुम्ही अभियंत्याला अर्ज देऊ नका, बरोबर चालायला बोलवा. तुम्ही पुढं, ते मागं, खांबापर्यंत. डोळ्याला पट्टी बांधून चालायचा कार्यक्रम करूया असं कुणी सुचवेल, त्याला नको म्हणा. पट्टी बांधलेल्या माणसाला फक्त घाबरायला होतं, तुमच्यासारखं काठीनं आणि कानानं वाचता येत नाही. त्याच वेळी छातीशी येणारी दुकानांची पाटी, खाली लोंबणारा फ्लेक्स, झाडाची फांदी हेही दाखवा. काठी जमिनीवरचं सांगते, हवेतलं नाही. निदान 2.2 मीटरपर्यंत वर काही आडवं असू नये.

मी तृतीयपंथी आहे. संध्याकाळी एका बागेत बाकावर बसले होते. कुणाला काही बोलले नाही, काही मागितलं नाही. ‘फॅमिली येतात इथं’ म्हणून उठवलं. मला घर आहे, नोकरी आहे. पण बाकावर बसायचा अधिकार नाही का?
— एक वाचक

आहे. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी जायला, ती वापरायला अडवणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते दोन वर्षांची शिक्षा आहे. पुन्हा असं झालं तर अडवणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या, पोलीस ठाण्यात लेखी द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं वकील मोफत मिळू शकतो, तिथं विचारा.

आणि ज्या ‘फॅमिली’चं नाव घेऊन तुम्हाला उठवलं, त्यांच्याशीही मला बोलायचं आहे. आपल्या घरी परडी भरायला देवीला वाहिलेले जोगते येतात, त्यांत तृतीयपंथीही असतात, तेव्हा आपण पाया पडतो. तेच माणूस शेजारच्या बाकावर बसलं तर आपली मुलं बिघडत नाहीत. बाकावर सरकून जागा द्यायला मुलं आपल्याकडं बघूनच शिकतात. तुम्ही पुन्हा त्या बागेत जाणार असाल तर कळवा. मी येईन, माझ्या दोन मैत्रिणीही येतील.

ताई, आमचं मंडळ छोटं आहे. गल्लीतले एक आजोबा खुर्चीवर असतात, पूर्वी मंडळाचे अध्यक्ष होते. दोन वर्षं झाली, त्यांना गणपती लांबनंच दाखवतोय. यंदा मांडवात आणायचंय. काय काय करायला लागंल? खर्च जास्त झेपणार नाही.
— कार्यकर्ता, मंगळवार पेठ

भावा, तुझं पत्र मी चार जणांना वाचून दाखवलं!

स्टेज आधी शक्य तेवढं बुटकं करा. दोन फुटी स्टेजला 24 फूट रॅम्प लागतो, तो गल्लीत मावणार नाही. एक फुटी केलंत तर 12 फूट. सहा इंची केलंत तर सहा फूट, आणि दर्शनाला काहीच कमी पडत नाही, मूर्ती चौथऱ्यावर उंच ठेवता येते. रॅम्प चार फूट रुंद करा. जाड प्लायवूड घ्या, खाली दर दोन फुटांवर आडवं लाकूड द्या, नाहीतर मध्ये दबतो. वर गालिचा टाकू नका, चाक अडकतं. खरखरीत पट्ट्या मारा. कडेला दोन-तीन इंचाची पट्टी ठोका, म्हणजे चाक घसरून खाली जाणार नाही. एका बाजूला बांबूचा कठडा पुरे, पण हलता कामा नये.

मांडवाचे खांब रस्ता खोदून रोवू नका. वाळूची पोती किंवा ड्रम वापरा. खड्डे राहतात आणि वर्षभर त्यात कुणीतरी पाय मुरगाळतं. केबल चालायच्या वाटेवरनं नेलीच तर रबरी पट्टीखालनं न्या. दर्शनाच्या रांगेत चार खुर्च्या ठेवा, म्हातारी माणसं बसत बसत पुढं येतील. प्रसादाचं टेबल निम्म्या भागात खाली करा, खुर्चीवरून हात पोचला पाहिजे.

रोज एक तास स्पीकर पूर्ण बंद ठेवा आणि तसा फलक लावा. मोठ्या आवाजाचा त्रास होणारी मुलं, स्वमग्न मुलं, तान्ही बाळं घेऊन आया त्या वेळेत येतील. तुमच्या गल्लीत अशी घरं किती आहेत हे तुम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळेल. संध्याकाळी सहा ते सात ही वेळ बरी, कारण नंतर गर्दी वाढते.

रॅम्प मूर्ती येण्याच्या आदल्या दिवशी तयार ठेवा आणि आजोबांनाच पहिल्यांदा वर आणून बघा. त्यांनी खुर्ची स्वतः फिरवून बघू दे, तुम्ही ढकलू नका. चढ जास्त वाटला तर रॅम्प लांबवायला तुमच्या हातात एक रात्र असेल. मापं लिहून फोटो मला पाठवा, पुढच्या वर्षी बाकीच्या मंडळांना द्यायचे आहेत.